तळघरातली रिकामी खोकी

"घर विकतेय. सामान काढून द्यायला माणसं नेमलीत. शुक्रवार ते रविवार दार सताड उघडं ठेवणार म्हणे, कुणीही यावं, कपाटं उघडावीत, भाव करावा. मला झोप नाही. यात तुझा काही उपयोग आहे का गं?"

असा निरोप एका काकूंनी माझ्या फोनवर ठेवला होता. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी माणसं बरीच. सत्तरीच्या आसपासच्या लोकांकडून हीच काळजी अलीकडे वरचेवर ऐकू येते: घर मोठं, मुलं लांब, सामान कुणालाच नको, आणि विकायला काढलं तर पोटात तुटतं. काकूंची गोष्ट त्यांना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी हे इस्टेट सेल प्रकरण. नाव ऐकून वाटतं की कुणीतरी गेलं असणार. पुष्कळदा तसं असतंही, पण मोठं घर सोडून लहान घरात जाणारेही हाच मार्ग धरतात. हा लिलाव नसतो. कंपनीची माणसं आठवडाभर आधी येतात, माळ्यापासून तळघरापर्यंत सगळं बाहेर काढून टेबलांवर मांडतात, प्रत्येक वस्तूला किमतीची चिकटपट्टी लावतात, फोटो काढून जाहिरात करतात. पहिल्या दिवशी जुन्या वस्तूंचे व्यापारी उजाडायच्या आत नंबर लावून उभे असतात. शेवटच्या दिवशी बहुतेक सगळं निम्म्या किमतीत. आलेल्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा कंपनीचा. उरलेलं दान किंवा कचरा.

काकू 1979 साली लग्न होऊन इथे आल्या. काका इंजिनियर, तीन वर्षांपूर्वी गेले. चार बेडरूमचं घर, खाली तळघर. मुलगा टेक्ससला, मुलगी बॉस्टनजवळ. काकूंनी पंचावन्न वर्षांवरच्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि घेतल्याचा त्यांना आनंदही होता. बर्फ काढायला नको, जिने चढायला नकोत. म्हणजे घर सोडण्याचं दुःख आहे असं वरवर तरी दिसत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी चुकले. आमच्या शिक्षणात शिकवतात तसं तीन याद्या करायला सांगितल्या: न्यायचं, द्यायचं, विकायचं. वर एक वाक्यही टाकलं, की वस्तू म्हणजे आठवणी नव्हेत. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हो का? मग तुझ्या आईची पैठणी दे बघू उद्या त्या लोकांना." पुढच्या आठवड्यात वही घेऊन आल्या. 'न्यायचं' या सदरात सहा पानं. 'विकायचं' या सदरात एक ओळ: गवत कापायचं यंत्र.

मग मी याद्यांचा नाद सोडला आणि त्यांच्या घरी गेले. अशा वेळी घरी जायलाच हवं, ऑफिसातल्या खुर्चीत बसून कुणाचं तळघर कळत नाही.

जेवणघरातलं काचेचं कपाट, बारा माणसांचा चिनी मातीचा सेट, सोनेरी कडा. किती वेळा वापरला? "मोजून चार." काकूंनी मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्रेचाळीस फोटो पाठवले होते. मुलीने सगळ्यांवर बदाम टाकले, मागितलं एकही नाही. मुलाने लिहिलं, 'आई, तुला योग्य वाटेल ते कर.' हे मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज कोरडा झाला. "म्हणजे आम्ही जमवलं ते सगळं फुकट."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर पटकन काही बोलत नाही. मुलांचं 'नको' हे घरातल्या जागेबद्दल असतं. त्यांच्याकडे स्वतःचं सामान आहे, भाड्याची घरं आहेत, आणि जड लाकडी टेबल-कपाटांची फॅशन उलटून गेली आहे. विकायला गेलात तरी अशा फर्निचरला इथे आता फारसा भाव येत नाही. आईबापांना मात्र ते 'नको' स्वतःबद्दल ऐकू येतं. मी काकूंना म्हटलं, मुलीला फोटो पाठवू नका, फोन करा आणि उलटं विचारा: तुला या घरातलं काय आठवतं?

मुलगी म्हणाली, मिसळणाचा डबा. झाकण नीट बसत नाही, आतल्या एका वाटीला पोचा आलाय, तो. काकू थक्क. "तो मी फोटोत घेतलाच नव्हता. तो काय विकायचा? रोजच्या वापरातला आहे!"

देवांचं मात्र त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा रेशमी कापडात बांधून हातातल्या पर्समध्ये. "कंपनीची बाई पाय ठेवायच्या आत माझे देव नव्या घरी बसलेले हवेत." हे अगदी बरोबर, आणि मी आता सगळ्यांनाच सांगते. देव, कागदपत्रं, फोटो, सोनं आणि ज्याबद्दल मनात जराही चलबिचल आहे ते सगळं करार व्हायच्या आधी घराबाहेर काढा. पुष्कळ करारांत असं कलम असतं की सही झाल्यावर वस्तू मागे घेतली तरी तिच्यावर कमिशन द्यावं लागतं. काकूंच्या करारात होतं. शिवाय साड्यांच्या घड्या, तांदळाचे डबे, कोटांचे खिसे तपासा. आपल्या बायकांनी कुठे कुठे नोटा ठेवलेल्या असतात ते ही कंपनीवाली माणसं एव्हाना ओळखून असतात, पण तपासणी आपणच केलेली बरी.

इतकं सगळं मार्गी लागूनही झोप येतच नव्हती. मग कंपनीची बाई पाहणीला आली, त्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं.

बाई चांगली होती, घाईची नव्हती. स्वयंपाकघरातल्या पायरेक्सच्या जुन्या काचेच्या भांड्यांना हात लावून खूश झाली, ती गोळा करणारे लोक आहेत म्हणाली. पितळी घागर उचलून पाहिली आणि म्हणाली, दारात छत्र्या ठेवायला कुणीतरी नक्की नेईल. काकूंनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले, पण हसल्या. काकांची हत्यारं, गॅरेजमधली सगळी, पहिल्याच दिवशी जातील म्हणाली. मग आम्ही तळघरात उतरलो.

तिथे भिंतीला लागून, छतापर्यंत, रिकामी खोकी. टीव्हीचं, ओव्हनचं, काकांच्या पहिल्या कॉम्प्युटरचं, मुलांच्या सायकलींचं. आत थर्मोकोलचे साचे तसेच, प्रत्येकावर काकांच्या अक्षरात मार्करने वस्तूचं नाव आणि साल. सगळ्यात खालचं 1981. बाईने त्यांच्याकडे पाहिलं न पाहिलं, वहीत एक ओळ लिहिली: 'पुठ्ठा. फेकायचा.'

काकू पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. सेट जाणार, कपाट जाणार, घागरीत छत्र्या, याचं काकूंना काही वाटलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी त्या अर्धा तास रडत होत्या.

"हे म्हणायचे, खोकं टाकायचं नाही. परत जाताना पॅकिंगला लागेल."

परत जाताना. पाच वर्षं, मग मुलगा शाळेत जाईपर्यंत, मग मुलीची बारावी, मग घराचे हप्ते फिटेपर्यंत. पुण्यात फ्लॅटसुद्धा घेतला आणि पुढे विकला. आणि त्या खोक्यांच्या मागे दोन खोकी भरलेली निघाली, कधीच न उघडलेली: एक मल्टिसिस्टिम, म्हणजे भारतातल्या टीव्हीवरही चालणारा, व्हीसीआर आणि एक 220 व्होल्टचा व्हॅक्यूम क्लीनर. न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सला 74व्या रस्त्यावर भारतात न्यायची अशी उपकरणं मिळायची, तिथून आणलेली. पुण्यात धूळ फार, म्हणून व्हॅक्यूम. इथल्या घरात वीज 120 व्होल्टची. बाईने प्लग बघितला, मान हलवली आणि म्हणाली, हे मी कुणाला विकू?

त्यानंतर आम्ही सामानाबद्दल बोललोच नाही. तीन भेटी फक्त परत जाण्यावर झाल्या. काकूंना जायचं होतं का? कधी होतं, कधी नव्हतं. 1994 च्या सुमारास काकांना तिकडे नोकरी चालून आली, तेव्हा "मुलांचं काय?" असं विचारून आपणच मोडता घातला, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काका काही बोलले नाहीत. खोकी मात्र जपत राहिले. घर उघडं पडलं, की ही रास लोकांना दिसणार आणि त्यांच्या मते तिचा अर्थ ज्याला त्याला कळणार, याची ती भीती होती. कुणाला कळणार होतं, खोकीच ती. पण झोप तिथेच अडकलेली होती.

खोकी फेकायचं काम कंपनीवर सोडू नका, एवढंच मी सुचवलं. इथे पुठ्ठा द्यायचा तर सपाट करून, दोरीने बांधून रस्त्याकडेला ठेवावा लागतो. काकूंनी ते संध्याकाळी चार दिवस केलं. पट्टी कापायची, साल वाचायचं, एखादं वाक्य बोलायचं, दाबायचं. शेवटच्या दोन दिवशी मुलगी नातवाला घेऊन आली. तो खोक्यांवर उड्या मारत होता आणि आजी त्याला प्रत्येक खोक्यात काय होतं ते सांगत होती. माझ्या तीन भेटींपेक्षा त्या चार संध्याकाळींनी जास्त काम केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

विक्रीच्या दिवसांत घरी थांबू नका, हे मी सगळ्यांना हट्टाने सांगते. आपल्या उशीच्या अभ्र्यावर एक डॉलरची पट्टी बघायची काही गरज नसते. काकू मैत्रिणीकडे एडिसनला राहिल्या. शनिवारी दुपारी फोन आला. मला वाटलं, रडताहेत. "अगं, घागर गेली! पस्तीस डॉलरला! मी तुळशीबागेत कितीला घेतली होती माहितेय?"

सगळी मिळून विक्री 7,200 डॉलरची झाली. त्यातले 40 टक्के, म्हणजे 2,880 कंपनीचे. उरलेलं उचलून घर झाडून द्यायचे 600 वेगळे. काकूंच्या हाती 3,720. मुलगा म्हणाला, एवढंच? काकूंनी ठरवलं होतं त्यापेक्षा ते कमीच होते, पण रात्री झोप लागत होती, त्यामुळे हिशेबावर त्यांनी वाद घातला नाही. काचेचं कपाट निम्म्या किमतीतही गेलं नाही, ते दान केलं. सोनेरी कडांचा सेट एका तरुण जोडप्याने नेला.

मागच्या महिन्यात त्यांच्या नव्या घरी चहाला गेले होते. मुलीला मिसळणाचा डबा मिळालाय, काकूंनी स्वतःसाठी तस्साच नवा आणलाय आणि त्याचं झाकण फार घट्ट बसतं अशी तक्रार आहे. कोट ठेवायला मी दाराशेजारचं कपाट उघडलं. खाली, बुटांच्या मागे, 220 व्होल्टचा व्हॅक्यूम क्लीनर होता. खोक्यातच.

मी कोट अडकवला आणि कपाट लावून घेतलं. काकू आतून विचारत होत्या, साखर किती घालू.