‘सानुकूल रेषा’ म्हणावं का? आणि रेघ की रेषा?

प्रश्न असा आहे की टिक्झवर (कोड लिहून आकृत्या बनवायचं साधन) मराठीत टिपण लिहिताना ‘कस्टम लाइन्स अँड अ‍ॅरोज’ला ‘सानुकूल रेषा व बाण’ म्हटलं तर चालेल का, आणि लाइनला रेघ म्हणायचं की रेषा.

सानुकूल नको बुवा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये हा शब्द कुणीतरी घुसवला म्हणून दिसतो, पण मराठीत वारा सानुकूल असतो, परिस्थिती सानुकूल असते, त्यामुळे सानुकूल बाण म्हणजे आपल्या बाजूने लढणारा बाण वाटतो. सरळ ‘हवे तसे बाण’ लिहा, नाहीतर कस्टमच राहू दे.

रेघ-रेषेचं जरा बघून. शाळेच्या भूमितीत रेषा दोन्हीकडे न संपणारी, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बाण काढतात, किरणाला एकच बाण आणि रेख म्हणजे रेषाखंड, त्याला बाणच नाही. गंमत म्हणजे टिक्झमध्ये ड्रॉ या कमांडच्या चौकोनी कंसात अनुक्रमे <->, -> आणि - लिहिलं की हेच तिन्ही मिळतात. म्हणजे भूमितीची आकृती असेल तर हे शब्द काटेकोर वापरा, पण फ्लोचार्टमधे दोन चौकटी जोडायच्या असतील तर तिथे आपली साधी रेघ बरी. डॅश्डला तुटक रेघ, डॉटेडला ठिपक्यांची रेघ, आणि फोटॉन दाखवायला जी स्नेक नावाची सजावट लावतात तिला नागमोडी, इथे तर मराठीत नाग आधीच बसलेला आहे.

क्रियापदाकडे मात्र कुणी बघत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. टिक्झमध्ये पाथ (म्हणजे रेघेचा नुसता मार्ग) आणि ड्रॉ वेगळे, नुसता पाथ दिला तर कागदावर काहीच उमटत नाही, त्याला ड्रॉ हा पर्याय जोडला की शाई लागते, आणि ड्रॉ ही कमांड म्हणजे त्या दोघांचं शॉर्टकट रूप. दोन्हीला ‘काढणे’ म्हटलंत तर वाचणारा विचारणार की काढलं तर दिसत का नाही. मी पाथला ‘आखणे’ आणि ड्रॉला ‘गिरवणे’ म्हणेन, कारण गिरवायला आधी काहीतरी आखलेलं लागतं. फिलला ‘भरणे’ आहेच. (तसं टिक्झ हे नावच एका जर्मन वाक्याचं लघुरूप आहे, अर्थ असा की टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नव्हे, त्यामुळे ‘काढणे’ टाळलं तर टिल टान्टाउ यांचीही हरकत नसावी, टिक्झ त्यांनीच लिहिलंय.)

अ‍ॅरो टिपला बाणाचं टोक म्हणा, पण पाथच्या टोकाशी गल्लत होतेय असं वाटलं तर ‘अणी’ म्हणा. शॉर्टन या पर्यायाने रेघ चौकटीच्या थोडी अलीकडे थांबते, तिथे ‘आखडती घेणे’ छान बसतं. स्टेल्थ, लाटेक ही टोकांची नावं मात्र अ‍ॅरोज डॉट मेटा लायब्ररीतली आहेत, ती कोडमध्ये जशीच्या तशी टाइप करावी लागतात, तेव्हा त्यांचं मराठी करायच्या फंदात पडू नका.