गिरनारला रोपवेने गेलं तर थेट दत्तशिखरावर पोहोचता येतं का? आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात.

नाही. रोपवे अंबाजीच्या देवळापाशी सोडतो. पायथ्याच्या भवनाथ तळेटीपासून तिथवर साधारण पाच हजार पायऱ्या आहेत, त्या वाचतात. एकूण दहा हजार धरल्या तर निम्मं काम झालं, असं कागदावर वाटतं. आमचाही तोच हिशेब होता आणि तो चुकला.

कारण पुढची वाट सरळ चढत जात नाही. अंबाजीपासून गोरखनाथाच्या शिखरावर चढायचं. गिरनारचंच नव्हे, अख्ख्या गुजरातचं ते सर्वांत उंच टोक. तिथून बऱ्याच पायऱ्या खाली उतरायचं, आणि मग दत्तशिखराची उभी चढण. येताना हे सगळं उलटं, म्हणजे गोरखनाथ पुन्हा चढायचाच. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रोपवे नव्हता (तो २४ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला). रात्री काठी घेऊन तळेटीहून निघालो. अंबाजी आलं तेव्हा पाय थरथरत होते. देवीला बाहेरूनच हात जोडले आणि पुढे पळालो. आपली बहुतेक मराठी मंडळी हेच करतात. डोळ्यांसमोर फक्त दत्ताच्या पादुका.

दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. रोपवेने दहा मिनिटांच्या आत वर. तिने घरून ओटीचं सामान आणलं होतं, नीट बसून ओटी भरली. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांनी इथे देवीला यायची जुनी चाल आहे, ती मला तेव्हा कळली. (बनासकांठ्यातली अंबाजी वेगळी बरं का, आरासूरची. गाडीचं तिकीट काढताना घोळ करू नका. तुम्हाला उतरायचंय जुनागढला.)

माझं मत विचाराल तर आईंची यात्रा अंबाजीलाच पूर्ण समजा. दत्तापर्यंत न्यायचंच असेल तर डोली ठरवा. डोलीचा दर माणसाच्या वजनावर असतो, वजनकाट्यावर उभं करतात. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रुसवा होतो. आणि वारा सुटला की रोपवे बंद पडतो. तेव्हा सकाळची पहिली फेरी गाठा, गुडघ्याची गोळी आणि एखादी शाल जवळ असू द्या.

तुम्ही स्वतः पुढे गेलात तर येताना दत्तशिखराच्या वाटेवरच्या कमंडलू कुंडावर धुनीचं दर्शन आणि प्रसाद घ्या. जाताना नको, पोट भरलं की दत्ताची चढण अंगावर येते. रोपवेमुळे नेमिनाथाची जैन मंदिरं मात्र चुकतात, ती अंबाजीच्या खाली पायऱ्यांच्या वाटेवर आहेत.

त्या दुसऱ्या वेळी मी एकटाच दत्ताला जाऊन चार-साडेचार तासांनी परतलो तेव्हा आई देवळाबाहेर सावलीत एका गुजराती आजींशी गप्पा मारत होती. ती मराठीत, त्या गुजरातीत. मला म्हणाली, "झाला तुझा दत्त? आता आत चल, मागच्या वेळी बाहेरूनच पळालास ना."

जय गिरनारी.