‘डीक्रिमिनलाइझ’ म्हणजे ‘कायदेशीर’ नव्हे

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांची ऊर्जा आणि अमली पदार्थांविषयीची धोरणं फसली, असं म्हणणाऱ्या एका टीकालेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात ‘प्रोग्रेसिव्ह’ला पुरोगामी म्हणावं का? ‘डीक्रिमिनलाइझ केलं’च्या जागी ‘कायदेशीर केलं’ चालेल का? ‘क्लीन’ आणि ‘रिन्यूएबल’ या दोन्हींना ‘हरित’ म्हटलं तर काय बिघडतं?

मधला शब्द आधी घेऊ, कारण घोळ तिथेच जास्त होतो. या राज्यांपैकी ऑरेगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेझर ११०’ हा कायद्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला. एक ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन किंवा दोन ग्रॅमपेक्षा कमी कोकेन जवळ सापडलं तर तुरुंग नाही, १०० डॉलरच्या दंडाची पावती. मदतवाहिनीला फोन करून आरोग्यतपासणी करून घेतली की तीही माफ. पण बाळगायला मनाई होतीच आणि विकणं तर गुन्हाच होता. सिग्नल तोडला की चलान येतं, म्हणून सिग्नल तोडणं कायदेशीर होत नाही, तसंच हे. ‘कायदेशीर’ म्हणजे परवाना, दुकान, कर. त्याच ऑरेगनमध्ये प्रौढांसाठी गांजा २०१५ पासून तसा आहे. एकाच राज्यात, एकाच वेळी दोन्ही प्रकार नांदत असताना दोन्हींना एकच शब्द वापरला, तर वाचकाला काहीच कळायचं नाही.

मुख्य म्हणजे मूळ टीकाच हरवते. टीकाकारांचं म्हणणं असं की मनाई होती, पण तिला दात नव्हते. पावती भरली नाही, फोनही केला नाही, तरी पुढे काही होत नव्हतं. गांजावरच्या करातून उपचारांसाठी यायचे पैसेही उशिरा पोचले. त्याच काळात फेन्टानिल हे हेरॉइनहून कितीतरी तीव्र अमली द्रव्य बाजारात पसरलं, त्यामुळे वाढलेल्या मृत्यूंचं खापर कायद्यावर किती फोडायचं हा वाद वेगळा. पण ‘हेरॉइन कायदेशीर केलं’ असं लिहिलंत, की कायदेशीर वस्तूवर पावती कसली, इथेच वाचक अडतो. पुढे १ सप्टेंबर २०२४ पासून ऑरेगनने ते ‘पुन्हा बेकायदेशीर’ केलं असंही लिहू नका. बेकायदेशीर ते होतंच, ‘पुन्हा गुन्हा ठरवलं’. लेखात पोर्तुगाल येणारच. तिथल्या २००१ च्या कायद्यात दहा दिवसांच्या वापराइतका साठा गुन्ह्यात धरत नाहीत, पण पकडलेल्या माणसाला तीन जणांच्या समितीसमोर हजर व्हावं लागतं. ऑरेगनमध्ये अशी हजेरी नव्हती, टीकाकार बोट ठेवतात ते त्यावर.

मग मराठीत काय लिहायचं? ‘निर्गुन्हेगारीकरण’ हा शब्द अधूनमधून दिसतो. तो टाळावा. जीभ अडखळते हे एक, पण खरी अडचण अर्थाची आहे. ‘राजकारणाचं गुन्हेगारीकरण’ म्हणजे राजकारणात गुंड शिरणं. त्याला ‘निर्’ जोडला की गुंडांची हकालपट्टी वाटते. ‘गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणं’ हे लांब असलं तरी नेमकं आहे. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांविषयीच्या कलम ३७७ च्या निकालाबद्दल लिहितानाही अशीच रचना चालते. पावतीच्या रकमेला ‘दंड’ चालेल. कायद्याच्या मराठीत ‘शास्ती’ हा जास्त काटेकोर शब्द आहे, पण पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला त्याने घरपट्टीतला, अवैध बांधकामांवरचा ‘शास्तीकर’च आठवेल!

जाता जाता : ‘अमली’ की ‘अंमली’? मूळ अरबी ‘अमल’मध्ये अनुस्वार नाही, तो मराठीत चिकटला. दोन्ही रूपं चालतात, लेखात एकच ठेवा. गंमत अशी की ‘अंमल’ म्हणजे नशाही आणि सत्ताही. त्यामुळे ‘अंमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी’ या वाक्यात एकच शब्द दोन्ही बाजूंनी उभा आहे. व्यसन लागलेल्या माणसाला ‘गर्दुल्ला’ म्हणू नका. तो शब्द ब्राउन शुगरच्या ‘गर्द’वरून आला आणि त्यात तुच्छता आहे. मूळ लेखकाचा सूर तसा नसेल, तर ‘व्यसनाधीन’ पुरे.

आता वीज. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्यात दोन वेगळी उद्दिष्टं आहेत : २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय (‘रिन्यूएबल’) आणि २०४५ पर्यंत सगळी कार्बनमुक्त, म्हणजे लेखातली ‘क्लीन’. डायब्लो कॅन्यन हे सुमारे २,२०० मेगावॉटचं अणुवीज केंद्र दुसऱ्या गटात बसतं, पहिल्यात नाही. ३० मेगावॉटवरची जलविद्युत केंद्रंही साधारणपणे पहिल्यात धरत नाहीत. म्हणून टीका अशी होते की डायब्लो बंद केलं तर कार्बनमुक्त वीज घटेल, पण नवीकरणीयचा टक्का कागदावर जिथल्या तिथे राहील. (बंद करायचं २०१६ मध्ये ठरलं होतं, २०२२ मध्ये २०३० पर्यंतची मुदतवाढ मिळाली.) दोन्हींना ‘हरित’ म्हटलं की हा मुद्दा मराठीत मांडताच येत नाही. ‘रिन्यूएबल’ला नवीकरणीय, ‘क्लीन’ला स्वच्छ, आणि ‘हरित’ फक्त जाहिरातींतल्या अवतरणासाठी.

‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ही वेगळ्या ठेवा. मेगावॉट ही क्षमता. एक मेगावॉट तासभर पूर्ण चालला तर एक हजार युनिट. सूर्य मावळला की सौर प्रकल्पाची क्षमता तेवढीच राहते, निर्मिती शून्य होते. ऑगस्ट २०२० च्या उष्णतेच्या लाटेत, १४ आणि १५ तारखेच्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात नेमकी हीच वेळ अडचणीची ठरली. त्या ‘रोलिंग ब्लॅकआउट’ला नवा शब्द शोधू नका. ‘आळीपाळीने भारनियमन’ म्हटलं की महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उरला ‘प्रोग्रेसिव्ह’. हिंदीत ‘संयुक्त प्रगतिशील गठबंधन’ होतं, तेव्हा मराठीत ‘संयुक्त पुरोगामी आघाडी’ होती, म्हणजे प्रतिशब्द रुळलेला आहे. पण आपल्याकडे पुरोगामी म्हटलं की फुले, शाहू, आंबेडकर डोळ्यांसमोर येतात. ‘पुरोगामी धोरणांचं अपयश’ असा मथळा दिलात, तर निम्मे वाचक जातिअंताविषयी वाचायला येतील आणि उरलेले भांडायला. पहिल्या उल्लेखात ‘डेमोक्रॅटिक पक्षातला डावा, प्रोग्रेसिव्ह म्हणवणारा गट’ असं लिहा आणि पुढे देवनागरीत ‘प्रोग्रेसिव्ह’च ठेवा.