व्हीसीपीयू वाढवले आणि सर्व्हर रेंगाळला

प्रश्न : ईआरपीची (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरची) व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, संथ होती म्हणून तिचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) ४ वरून ८ केले. आता ती आणखीच रेंगाळते. टास्क मॅनेजर मात्र सीपीयू ३० टक्केच दाखवतो. होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर, १६ कोअर आणि १२ व्हीएम आहेत.

उत्तर : टास्क मॅनेजर बसलाय व्हीएमच्या आत, बाहेर होस्टवर लागलेली रांग त्याला दिसायची कशी? व्हीसीपीयू म्हणजे कोअर नव्हे, कोअरवर नंबर लावण्याचा हक्क. त्यात ईएसएक्सआय (होस्टवर व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर) एकाच व्हीएमच्या व्हीसीपीयूंना फार मागेपुढे होऊ देत नाही. एक मागे पडला की पुढच्याला थांबवतो. लग्नाच्या पंगतीत आठ जणांनी शेजारीशेजारीच बसायचं म्हटलं की ताटकळणं आलंच, चौघांना जागा लवकर मिळते.

व्हीस्फिअर क्लायंटच्या (होस्ट सांभाळायच्या पडद्याच्या) रिअल-टाइम आलेखात ‘सीपीयू रेडी’, म्हणजे कोअरसाठी रांगेत गेलेला वेळ, बघा. आकडा मिलिसेकंदांत आणि २० सेकंदांचा असतो. समजा व्हीएमचा एकूण आकडा १६,००० आला : २०,०००ने भागून ८० टक्के, आठ व्हीसीपीयूंत वाटून प्रत्येकी १०. पाचच्या वर गेलं की मी अस्वस्थ होतो. परत ४ करा. शिवाय बाकीच्या अकरा व्हीएमही तपासा. कुणीतरी फाइल सर्व्हरलाही हौसेने आठ दिलेले असतात.

प्रश्न : अपडेटआधी घेतलेले स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी) सहा महिने ठेवले आहेत. वेगळा बॅकअप हवाच का?

उत्तर : हवाच, आणि आजच. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि नवं लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं. मूळ डिस्क गेली की डेल्टाचा उपयोग शून्य. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअरच सांगते. आता आधी बॅकअप, मग डेटास्टोअरवरची (व्हीएमच्या फाइली असतात त्या साठ्यावरची) मोकळी जागा बघून रात्री स्नॅपशॉट डिलीट, कारण डिलीट म्हणजे सहा महिन्यांची डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळणं. मी एकदा सोमवारी सकाळी दहाला ‘डिलीट ऑल’ दाबलं होतं. दुपारपर्यंत फोन खाली ठेवता आला नाही.

प्रश्न : व्हीएमवेअरच्या लायसन्स नूतनीकरणाचं बिल परवडत नाही. दोन होस्ट आहेत. प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) जावं का?

उत्तर : नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता वर्गणी कोअरमागे, प्रत्येक सीपीयूला किमान १६ कोअर धरून. म्हणजे तुमचा सीपीयू आठ कोअरचा असला तरी पैसे सोळाचे.

प्रॉक्समॉक्सच्या मुळाशी असलेलं केव्हीएम (प्रत्यक्ष व्हीएम चालवणारा भाग) २००७पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्याची काळजी नको. ईएसएक्सआयमधून व्हीएम आयात करायची सोयही आहे. अडतं ते विंडोजपाशी : बूट डिस्क थेट व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी डिस्क-जोडणीवर) टाकली आणि आत ड्रायव्हर नसला की निळा पडदा. आधी साटावर (नेहमीच्या डिस्क-जोडणीवर) बूट करा, ड्रायव्हर घाला, एक छोटी व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोजला तो ओळखू द्या, मगच बूट डिस्क हलवा.

दोन होस्टच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या गटात) एक बंद पडला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही. तिसऱ्या मतासाठी जुन्या पीसीवर लिनक्स टाकून क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा. फक्त ते याच क्लस्टरमधल्या व्हीएमवर ठेवू नका. हसू नका, ठेवणारे भेटलेत मला.