ओला, सुका आणि ‘हे कशात टाकू?’

या वेळची बहुतेक पत्रं पुण्याची आहेत, म्हणून उत्तरंही पुण्याकडे बघून दिली आहेत. केंद्राचे घनकचऱ्याचे नियम सगळीकडे एकच असले, तरी कचरा उचलण्याची रीत गावागणिक बदलते. मी आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे उत्तरांत थोडा कोठीवरचा, म्हणजे पालिकेच्या सफाई चौकीवरचा, सूर येईल. तेवढा चालवून घ्या.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला एक मावशी येतात. पेपर, बाटल्या, पुठ्ठा आम्ही भंगारवाल्याला विकतो आणि बाकीचा सुका कचरा त्यांना देतो. तरी त्या कुरकुर करतात. महिन्याचे पैसे घेतात, मग आत काय आहे याच्याशी त्यांना काय करायचंय? – एक सेक्रेटरी, कोथरूड

रद्दी तुमची आहे, खुशाल विका. कुठलाही नियम आड येत नाही. पण मावशींचा हिशेबही एकदा मांडून बघा, सेक्रेटरीसाहेब.

पुण्यात घरोघरी येणाऱ्या या बायका बहुतेक ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद असतात. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. या बायका पालिकेच्या पगारावर नाहीत. त्यांची कमाई दोन वाटांनी येते : घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्यातून निवडलेल्या मालाची विक्री. तुम्ही विकला जाणारा माल काढून घेतलात, तर मावशींच्या वाट्याला वेफर्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल आणि तुटकी चप्पल उरते. यांना भंगाराच्या दुकानात कोणी भाव देत नाही. म्हणजे ओझं त्यांचं, दाम तुमचा. कुरकुर नाही करणार तर काय!

पेपर ठेवा तुमच्याकडे, इतकी वर्षं विकताय. पण दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे आणि पुठ्ठा त्यांना देऊन टाका. त्या विक्रीने सोसायटीच्या तिजोरीत अशी काय भर पडते?

देताना कसं द्यायचं, तेही सांगतो, कारण खरी गोची तिथेच होते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता राहू द्या. सुटलेला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून उलटी वाळवा. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते आणि तिच्यासोबतचा कोरडा कागदही वाया जातो. पिझ्झाच्या खोक्याचं तेलकट बूड ओल्यात, कोरडं झाकण सुक्यात. काच फुटली तर कागदात गुंडाळा आणि मावशींना तोंडाने सांगा, चिठ्ठीवर विसंबू नका. ओला कचरा पिशवीत बांधून देऊ नका, उघड्या बादलीत द्या. काळ्या पिशवीला मारलेली गाठ सोडायला मावशींना हातच घालावा लागतो आणि आत काय निघेल याचा नेम नसतो.

नातवाचे डायपर आतापर्यंत आम्ही सुक्यात टाकत होतो. आता वेगळं करा म्हणतात. शिवाय मला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, त्या सुयांचं काय करू? – एक आजी, सदाशिव पेठ

आजी, २०१६ च्या नियमांत डायपर आणि पॅड नीट गुंडाळून सुक्यात टाकायची मुभाच होती. १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू झाले आणि घरच्या कचऱ्याचे चार भाग झाले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर आणि पॅड तिसऱ्या भागात. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं. सुक्याच्या ढिगात बसून निवड करणाऱ्या बाईच्या हाती उघडं पॅड यावं, ही काय रीत झाली?

वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढा. लाल ठिपक्याची ही खूण पुण्यात चांगली रुळलेली आहे, पुडी न उघडताच कळतं. नव्या सुनेला पेन हातात घ्यायला संकोच वाटत असेल, तर तो ठिपका तुम्ही काढा.

सुया चौथ्या भागातल्या. जुनी औषधं, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबेही त्यातच. फिनेलच्या बाटलीसारखी जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुई टोचून झाली की तिच्यात टाका, बाटली भरली की झाकण घट्ट लावून वर ‘सुया’ असं लिहा. ती रोजच्या बादलीत नाही द्यायची. तुमच्या भागातलं संकलन केंद्र कुठे आहे ते क्षेत्रीय कार्यालयात कळेल. सुईवर टोपण परत बसवायच्या फंदात पडू नका, बोटाला टोचतं ते तेव्हाच.

माझं नाश्त्याचं दुकान आहे, रोज दोन बादल्या ओला कचरा निघतो. एक गृहस्थ येऊन म्हणाले, तुम्ही ‘मोठे कचरा निर्माते’ आहात, खतप्रकल्प बसवा, आम्ही बसवून देतो. खरं का? – एक दुकानदार, सिंहगड रोड

दोन बादल्यांवर? त्या गृहस्थांना तुमच्याच दुकानातला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तीन निकष आहेत : बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त, नाहीतर कचरा दिवसाला १०० किलो किंवा जास्त. यांतला एक जरी लागू झाला, तरी तुम्ही मोठे. मग ओल्या कचऱ्याची शक्यतो जागेवरच विल्हेवाट लावणं ही तुमची जबाबदारी. नाश्त्याच्या दुकानात १०० किलो ओला कचरा निघायला लागला, तर दुकान तरी फार जोरात चालतंय किंवा पोहे तरी फार बिघडताहेत.

म्हणून तुम्ही मोकळे, असं मात्र नाही. चार भाग तुम्हालाही करायचेच आहेत आणि व्यावसायिक शुल्क घरगुतीपेक्षा वेगळं असतं, ते भरायचं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. ते गोळा करून जैवइंधनासाठी घेणारे असतात, चौकशी करा. थर्माकोलच्या प्लेटा अजून कुठे कोपऱ्यात पडल्या असतील तर विसरा, महाराष्ट्रात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे. पार्सलच्या पिशव्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो : प्लास्टिकची पिशवी, मग ती कितीही जाड असो, महाराष्ट्रात चालत नाही, तीही त्याच बंदीत आली. खरं तर कापडी पिशवी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला एक वडा जास्त द्या, तेवढ्यावर लोक सवय बदलतात.

तुमच्या पत्राच्या शेवटी मेव्हण्याच्या साखरपुड्याचा उल्लेख आहे. मैदानात मांडव घालून शंभरावर पानं उठणार असतील, तर पालिकेला कामाचे किमान तीन दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या नियमांतच होतं. लोक मांडववाल्याला कळवतात, आचाऱ्याला कळवतात, पालिकेला कोणी कळवत नाही.

जुने चार्जर, वायरी, बंद पडलेला मिक्सर भंगारवाला वजनावर घेतो. देऊ का? – एक वाचक, हडपसर

देऊ नका. आतलं तांबं काढायला वायरी जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी वस्तीत जातो. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू आहेत. त्यांत जबाबदारी उत्पादकावर आहे आणि माल नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडेच जायला हवा. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा किंवा पालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. चार पैसे कमी मिळतील.

सोसायटीत वाळलेल्या पानांचा ढीग होतो, माळी जाळतो. पानंच तर आहेत! – एक वाचक, औंध

पानं असोत की कागद, कचरा जाळायला मनाई आहे, आणि दंड माळ्याला नाही, सोसायटीला होईल. विटांचा किंवा जाळीचा हौद करा, पानं टाका, अधूनमधून पाणी मारा, मूठभर शेण मिळालं तर उत्तम. पावसाळ्यानंतर बागेला खत विकत आणावं लागणार नाही. गांडूळखताचा प्रकल्प नीट चालवलात, तर पुण्यात मिळकतकरात ५ टक्के सवलत मागता येते. सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणाची जोड असेल तर १० टक्के. फक्त तपासणीला माणूस येईल तेव्हा हौदात गांडुळं जिवंत हवीत, रिकामा हौद दाखवून भागत नाही.