पहाटे उचलून नेऊ नका, आधी त्याला सांगा

ताई, पत्र वाचलं. न्यू जर्सीत एडिसनला राहता, मुलगा १५ वर्षांचा, शाळा बुडवतो, व्हेपिंग, रात्रभर गेम, बाबांशी बोलणं बंद, आणि कन्सल्टंटने युटामधली आउटडोअर थेरपी, म्हणजे मुलांना रानात ठेवून उपचार करणारा प्रोग्रॅम, सुचवलीय, शुक्रवारी पहाटे दोन माणसं येऊन त्याला झोपेतून उठवून नेणार. तुम्ही विचारलंय, मी आई म्हणून हे बरोबर करतेय का?

हौस म्हणून कुणी हे निवडत नाही हो. थेरपिस्टची अपॉइंटमेंट मिळायला महिने जातात, मिळाली तरी पोरगं तासभर मान खाली घालून बसतं, फोन काढून घेतला की दार आपटतं, आणि पुण्यातल्या आजीला काय सांगायचं ते वेगळंच. अशात कुणी म्हणालं की रानात राहील, फोन नाही, ते मित्र नाहीत, स्वतःचं स्वतः शिजवेल, तर आईबापाला हायसं वाटणारच. आणि त्यात तथ्यही आहे, समोरासमोर बसून तोंड न उघडणारी मुलं बरोबर चालताना बोलायला लागतात. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये तरुण खलाशांसाठी आउटवर्ड बाउंड ही शाळा काढली, तेव्हापासून हा विचार चालत आलाय की अवघड काम निभावलं की मुलाला स्वतःचा भरवसा वाटतो.

पण याच विचाराच्या नावाखाली पोरं गेलीत. अमेरिकी काँग्रेससाठी तपास करणाऱ्या जीएओने २००७ मध्ये असे १० मृत्यू तपासले, त्यात कडक उन्हात चालवलेली मुलं होती, कोसळलेल्या पोराला नाटक करतोय म्हणणारा स्टाफ होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात अशाच एका प्रोग्रॅममध्ये १२ वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गुदमरून गेला, मग त्या प्रोग्रॅमचं लायसन्स रद्द झालं.

म्हणून पहाटेचं ते नेणं मला अजिबात पटत नाही. ज्याला परत विश्वास ठेवायला शिकवायचंय त्याची सुरुवातच आईने फसवलं म्हणून कशी करायची? त्याला सांगा, भांडू दे, रडू दे.

प्रोग्रॅमवाल्यांना स्पष्ट विचारा: लायसन्स कोणाचं, थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा भेटतो, हॉस्पिटल किती लांब, आणि मुलाशी मला एकटीला, कुणी ऐकत नसताना, फोनवर बोलता येईल का. याला नाही म्हणाले तर तिथेच थांबा. कन्सल्टंटला त्यांच्याकडून पैसे मिळतात का तेही विचारा.

त्याआधी त्याच्या डॉक्टरकडून डिप्रेशन आणि एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) तपासणी करून घ्या, पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याबद्दल बोलला तर वाट बघू नका, लगेच ९८८ या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला फोन करा. आणि ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरातली लांबलचक पायवाट न्यू जर्सीतूनच जाते, एखाद्या शनिवारी बाबांनी त्याला घेऊन जावं, शाळेतल्या मार्कांचा विषय न काढता नुसतं चालावं.

शुक्रवारची ती दोन माणसं मात्र आजच कॅन्सल करा.