पश्चिमेच्या खिडकीला काळी फिल्म लावावी का?

आपला प्रश्न असा आहे: सांगलीतील आपल्या तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटला पश्चिमेकडे दोन मोठ्या सरकत्या खिडक्या आहेत, उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ती खोली भट्टीसारखी तापते, त्याच खोलीत मुलीचे अभ्यासाचे टेबल आहे आणि दुकानदार गडद काळी फिल्म सुचवीत आहे. ती लावल्याने उष्णता खरोखर कमी होईल का, आणि उजेडाचे काय होईल? मी गेली एकोणीस वर्षे विश्रामबाग परिसरात काचेचे आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे काम करतो. माझे मत असे की फिल्म लावावी, परंतु काळी लावू नये. आणि त्याआधी काचेच्या बाहेर सावली करता येते का, हे पाहावे.

अंधार झाला म्हणजे गारवा आला, हा आपल्याकडचा फार जुना समज आहे. जाड पडदे ओढून दुपार काढण्याची सवय असल्यामुळे तो सहज पटतो. परंतु जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, निम्म्याला थोडा कमी भाग दिसणाऱ्या प्रकाशात असतो, आणि अतिनील किरणांचा वाटा केवळ ३ ते ५ टक्के असतो. म्हणजेच खोलीतला उजेड फारसा न घटवताही उष्णतेचा मोठा भाग अडवता येतो, आणि उलट, खोली अंधारी करूनही बरीच उष्णता आत येऊ शकते. स्वस्त काळ्या फिल्ममध्ये हा दुसरा प्रकार घडतो.

अशा फिल्ममध्ये रंग असतो आणि तो प्रकाश परतवण्याऐवजी शोषून घेतो. त्यामुळे काच तापते, आणि शोषलेल्या उष्णतेपैकी बराच भाग बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून गेला तरी सुमारे एक तृतीयांश भाग आत झिरपतो. आपल्या खिडकीचा हिशेब करून पाहू. चार फूट बाय चार फुटांच्या काचेचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास भरते. मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडले असे धरले, तर साध्या पारदर्शक काचेतून त्यातील सुमारे ८५ टक्के ऊर्जा आत येते, म्हणजे साडेसातशे वॉटच्या आसपास. एक इस्त्री सतत चालू ठेवून खोलीत बसावे, तसा हा प्रकार आहे, आणि आपल्याकडे अशा दोन खिडक्या आहेत. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढतो, त्यातील मोठा हिस्सा या दोन खिडक्यांवरच खर्च होतो.

दुकानात फिल्म दाखवताना एक लाल दिवा लावतात आणि फिल्मच्या मागे हात धरायला सांगतात. हात गार राहतो आणि ग्राहकाची खात्री पटते. या प्रयोगावर कृपया विसंबू नका. त्या दिव्यातून जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त किरणांतूनच बाहेर पडते, सूर्याचे तसे नाही. शिवाय शोषणारी फिल्म तापून उष्णता मागे सोडू लागेपर्यंत ग्राहकाने हात काढून घेतलेला असतो. ‘९७ टक्के आयआर (अवरक्त किरण) रोखते’ किंवा ‘९९ टक्के यूव्ही (अतिनील किरण) रोखते’ हे आकडे खरे असले तरी खोली किती गार राहील, हे त्यांवरून कळत नाही. अतिनील किरण रोखल्याने पडद्यांचा आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचा रंग टिकतो, हा त्याचा खरा उपयोग. दुकानदाराकडे कंपनीचे माहितीपत्रक मागावे आणि त्यात दोन आकडे पाहावेत: व्हीएलटी, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के आत येतो, आणि टीएसईआर, म्हणजे सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के रोखली जाते. ५० टक्के उजेड आत सोडणारी चांगली सिरॅमिक फिल्म (अवरक्त किरण अडवणारे सूक्ष्म कण असलेली) बहुधा २० टक्के उजेड सोडणाऱ्या काळ्या रंगीत फिल्मइतकी, कधी तिच्याहूनही अधिक उष्णता अडवते. तिची किंमत जास्त असते, परंतु मुलीच्या टेबलावर दिवसा दिवा लावावा लागत नाही.

उजेडाविषयी मी इतके आग्रहाने लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्याच घरी आईच्या खोलीला मी सर्वांत गडद फिल्म लावली होती. एप्रिल-मे बरे गेले. जुलैत पावसाची झड लागली, तेव्हा सकाळी अकरा वाजता तिला पोथी वाचण्यासाठी ट्यूब लावावी लागे. पडदा बाजूला सारता येतो, फिल्म बाराही महिने काचेवरच राहते. पुढच्या दिवाळीत मी ती खरवडून काढली. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने केलेल्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’तही काचेने किमान किती उजेड आत सोडावा याची मर्यादा आहे, भिंतीत खिडक्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर ती किमान २७ टक्के आहे. अभ्यासाच्या खोलीसाठी मी ४५ ते ५० टक्क्यांच्या खाली जात नाही.

फिल्मची गरज सगळ्याच खिडक्यांना नसते. सांगलीचे अक्षांश १७ अंशांच्या किंचित खाली असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा दीड फुटाचा छज्जा पुरतो. तेथे फिल्म लावून हिवाळ्यातले हवेहवेसे ऊन अडवू नये. पश्चिमेला मात्र छज्जा हतबल होतो. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो, आणि त्या वेळी दीड फुटाच्या छज्ज्याची सावली काचेवर आठ-नऊ इंचच उतरते. उरलेली सगळी काच उघडी पडते.

म्हणूनच मी बाहेरच्या सावलीविषयी आधी लिहिले. काचेच्या आतला पडदा ऊन आत आल्यावर ते अडवतो. बाहेरची सावली उन्हाला काचेपर्यंत येण्याआधीच अडवते, त्यामुळे चांगली दाट सावली सहसा फिल्मपेक्षा सरस ठरते. तासगावकडे बेदाण्याच्या शेडला चहूबाजूंनी हिरवी जाळी बांधलेली आपण पाहिली असेल. थेट उन्हाने बेदाणा काळपटतो म्हणून तो सावलीत, परंतु वाऱ्यावर वाळवतात. तशीच ५० टक्क्यांची, म्हणजे साधारण निम्मे ऊन अडवणारी शेडनेट खिडकीच्या बाहेर, काचेपासून चार-सहा इंच अंतर ठेवून, खालीवर करता येईल अशी बसवली, तर वारा चालू राहतो आणि पावसाळ्यात ती गुंडाळूनही ठेवता येते. बांबूची चिकही चालते. सोसायटीने बाहेरून काही बसवण्यास परवानगी दिली नाही, तरच फिल्मकडे वळावे.

फिल्म लावण्यापूर्वी काच मात्र तपासून घ्यावी. अर्धी काच छज्ज्याच्या सावलीत आणि अर्धी उन्हात राहिली, तर दोन्ही भागांच्या तापमानातील फरकामुळे काच तडकू शकते. अशी भेग बहुधा कडेपासून, कडेला काटकोनात सुरू होते. शोषणाऱ्या गडद फिल्ममुळे हा धोका वाढतो. कडेला टवका उडालेली काच, जाळीची तार असलेली काच आणि दुहेरी काचेचे बंद युनिट यांवर कंपनीची लेखी संमती असल्याशिवाय फिल्म लावू नये. सरकत्या खिडकीची दोन्ही तावदाने दुपारच्या उन्हात एकावर एक सरकवूनही ठेवू नयेत, कारण मधल्या फटीत उष्णता कोंडते.

आणखी दोन गोष्टी आपणास आधीच सांगणे मला योग्य वाटते. आरशासारखी चकाकणारी फिल्म दिवसा बाहेरच्यांची नजर अडवते, पण रात्री दिवे लागल्यावर उलटे होते. आतले सगळे बाहेरून दिसते, म्हणून पडदा ठेवावाच लागतो. आणि आपल्या फ्लॅटवर थेट गच्ची असेल, किंवा पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री दहापर्यंत धग सोडत असेल, तर फिल्मने त्यात काही फरक पडणार नाही. तेथे आधी गच्चीवर किंवा त्या भिंतीवर बाहेरून ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा.

आपण प्रथम एकाच खिडकीला फिल्म लावून घ्यावी आणि दोन्ही काचांसमोर संध्याकाळी चार वाजता, सारख्याच अंतरावर, सावलीत धरलेला साधा तापमापक ठेवून आठवडाभर नोंद करावी. नव्या फिल्मखाली पाण्याचे धूसर ठिपके दिसले तर घाबरू नये, काही आठवड्यांत ते सुकून जातात. तोपर्यंत काच पुसू नये, आणि पुढेही अमोनियाचे क्लीनर वापरू नये. दुसऱ्या खिडकीचा निर्णय पावसाळ्यातल्या एखाद्या ढगाळ सकाळी, मुलीला टेबलाशी वाचायला बसवून घ्यावा.